हर्षद ऑनलाइन आहे

"केतकी, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

तौफिकचा फोन होता. बँकेत जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि मी डबा धुऊन पिशवीत ठेवत होते.

"विचार की."

"हर्षदचा कॉम्प्युटर तुमच्या घरी कोण वापरतं?"

"कोणी नाही. का?"

 त्याच्या दुकानातला प्रिंटर मागं खरखरत होता.

"मग तो आत्ता ऑनलाइन कसा दिसतोय?"

हर्षद माझा मोठा भाऊ. त्याला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. पुण्यात नोकरीला होता. मंगळवारी ताप आला, डेंग्यू निघाला आणि रविवारी आम्ही त्याला मिरजेला घेऊन आलो ते रुग्णवाहिकेतून. तौफिक मुजावर त्याचा शाळेपासूनचा मित्र, स्टेशन रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. हे दोघं आणि आणखी तिघं मिळून एक शेतीचा गेम खेळायचे. प्रत्येकाचं शेत वेगळं, घर वेगळं, एकमेकांच्या शेतावर जायचं, गप्पा मारायच्या. कोणी खेळायला बसला की बाकीच्यांच्या यादीत त्याचं नाव हिरवं व्हायचं.

"वर्षभर मी तो गेम उघडलाच नव्हता," तौफिक म्हणाला. "मागच्या आठवड्यात असाच उघडला. बघतो तर हर्षद हिरवा. म्हटलं, काहीतरी घोळ असेल. पण रोज आहे केतकी. दोन ते तीन. आमच्यातल्या विनीतलाही दिसतं. त्यानं काल 'हाय' लिहून पाठवलं."

"मग?"

"उत्तर नाही. पण नाव हिरवंच."

मी काउंटरवर जाऊन बसले. समोर एक आजोबा पासबुक घेऊन उभे होते, आणि मी त्यांचं नाव तीनदा विचारलं.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी आधी समोरच्या खोलीत गेले. कॉम्प्युटर होता तसाच होता. हर्षद पुण्याला खोली घेऊन राहायचा, पण हे मशिन त्यानं कधी नेलं नाही. दर दुसऱ्या शनिवारी यायचा, बॅग टाकायचा आणि खुर्चीत बसायचा. आता मॉनिटरवर आईनं विणलेलं झाकण होतं, त्याच्या झालरी सारख्या केलेल्या.

"आई, दुपारी कोण आलं होतं का?"

"कोण येणार?" ती कणीक मळत होती. "गॅसवाला येतो म्हणाला होता, तोही आला नाही."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. सव्वादोनला आमच्या दाराशी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी हळूच ढकललं.

आई हर्षदच्या खुर्चीत बसली होती. चष्मा नाकाच्या टोकावर. डाव्या हाताची तीन बोटं किबोर्डवर, उजव्या हातात माउस, आणि तोही असा धरलेला, जसा काही लाडू वळायला घेतलाय. किबोर्डशेजारी एक कागद होता. त्यावर तिच्या शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: डब्ल्यू - पुढं. एस - मागं. ई दाबून धरलं की पाणी.

पडद्यावर एक शेत होतं. लाल टोपीवाला एक माणूस हातात झारी घेऊन एका रोपापाशी थांबायचा, पाणी घालायचा, एक पाऊल पुढं जायचा. आई त्याला सरळ चालवू शकत नव्हती. तो बांधाला धडकायचा, मग ती "अं हं, इकडं" म्हणायची.

मध्येच तिनं बोटं उचलली आणि पदरानं चष्मा पुसायला लागली. पडद्यावरचा माणूस थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं टोपी मागं सारली, वळला आणि सरळ आमच्याकडं बघितलं. बघतच राहिला. त्याची छाती खालीवर होत होती.

"दमलास?" आई म्हणाली.

मी दार होतं तसं लोटून घेतलं आणि जिना उतरले. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत बाकडं असतं, त्यावर साडेतीनपर्यंत बसून राहिले. गिरणीवाल्यानं दोनदा विचारलं, "दळण कुठाय ताई?"

आता माझी मुलगी सात महिन्यांची आहे. ती झोपली की ही पानं लिहिते. मध्येच उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघते, कारण काही नसताना. नाकाशी बोट धरलं की मला ते लोटलेलं दार आठवतं. तेव्हा मात्र मला नुसती भीती वाटली होती. आईची वाटली, की पडद्यावरच्या त्या माणसाची, हे अजून सांगता येत नाही.

बाबा रेल्वेत पार्सल ऑफिसला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जायच्या आधी मी स्टेशनवर गेले. ते पोत्यांवरच्या चिठ्ठ्या तपासत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खिशाला लावलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. म्हणून तर दिवसपाळी मागून घेतली, दुपारी घरी नको म्हणून. तिला वाटतं, कुणाला माहीत नाही. तसंच वाटू दे."

"बाबा, पण हे बरं आहे का? तिला कुणाला दाखवायला नको?"

"थांब. ते आपोआप संपणारच आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "त्यावर रोज एक पाटी येते. मी परवा वाचली. हा गेम जुन्या विंडोजवर इथून पुढं चालणार नाही. आता एकोणीस दिवस राहिलेत. तेवढे जाऊ दे. बंद पडेल तेव्हा पडेल. आपण बंद केलं असं व्हायला नको, केतकी."

मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं. आम्ही दोघांनी ठरवलं, काही करायचं नाही. तौफिकलाही मी फोन करून सांगितलं की आई बसते, थोडे दिवस बघू नकोस तिकडं. तो "बरं" म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं तसं नाही, हे ऐकून बरं वाटलं. आणि वाईटही वाटलं."

आठ दिवस गेले. एका सकाळी मी डबा भरत होते आणि आई ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. तिनं ब्लाउजमधून एक चिठोरं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"हे जरा वाच."

तिनं ती पाटी एकेक अक्षर बघून उतरवून आणली होती. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी, विंडोजमधला डब्ल्यू दोनदा गिरवलेला. खाली अकराचा आकडा.

मी वाचलं आणि म्हटलं, "काही नाही. जाहिरात आहे."

ती कोथिंबिरीची काडी मोडत राहिली.

"जाहिरात रोज एकानं कमी होते होय?"

मी डब्यात भाजी भरत राहिले.

"परवा बारा होते. त्याच्या आधी तेरा. शून्य झाल्यावर काय होतं?"

"आई..."

"तू त्या दिवशी दाराशी आली होतीस. दाराखालून तुझ्या चपला दिसल्या मला. मी काही वेडी झालेली नाही, केतकी. शून्य झाल्यावर काय होतं ते सांग."

मी सांगितलं. नवं विंडोज घालायचं तर हे मशिन ते ओढणार नाही. आणि काहीही बदललं तरी गेम पुन्हा पासवर्ड मागणार. हर्षदनं शेवटचं जे उघडं ठेवलं होतं तेच अजून चालू होतं, म्हणून तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता.

तिनं निवडलेली कोथिंबीर डब्यात भरली, झाकण लावलं.

"तौफिकला बोलव," ती म्हणाली. "रविवारी. जेवायलाच ये म्हणावं."

तौफिक आला तो पेनड्राइव्ह, एक जादाची हार्डडिस्क आणि अर्धा किलो पेढे घेऊन. पेढे कशाला आणले हे त्यालाच कळलं नसावं, कारण त्यानं ते कुणाला न देता टीव्हीवर ठेवून दिले. बाबा घरीच होते. गॅलरीत पेपर धरून बसले, पण पान काही उलटत नव्हते.

"काकू, मी विंडोज काढून लिनक्स टाकतो," तौफिक म्हणाला. "जुन्या मशिनला हलकं पडतं. हा गेम विंडोजसाठी बनवलाय, पण मध्ये एक दुभाष्या बसवता येतो. गेमला वाटतं आपण विंडोजवरच आहोत."

"म्हणजे फसवायचं त्याला."

"गेमला, काकू."

"हां. गेमलाच म्हणाले मी."

 तौफिकनं खुर्ची पुढं ओढली.

"पण आधी पासवर्ड. तो हातात आल्याशिवाय मी काही पुसणार नाही. एकदा पुसलं आणि आत जाता आलं नाही तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. माझ्या लॅपटॉपवर 'पासवर्ड विसरलो' दाबलं. खाली ओळ आली: शेवटी एकेचाळीस असलेल्या नंबरवर ओटीपी पाठवत आहोत.

"हा त्याचाच नंबर ना?"

"त्याचाच होता," मी म्हटलं.

तो नंबर आम्ही चालू ठेवला नव्हता. बाबांनी विचारलं होतं, रिचार्ज करायचा का. मीच म्हटलं होतं, कशाला. सहासात महिन्यांत असे नंबर दुसऱ्याला देऊन टाकतात. हे माझ्या ओठावर आलं होतं, पण आईकडं बघून मी गिळलं. माझ्या फोनवरून मीच तो नंबर लावला. पडद्यावर नाव आलं, 'दादा'. मी काढलं नव्हतं ते.

रिंग वाजली. चौथ्या रिंगला उचलला.

"हॅलो. कोण बोलायलंय?"

पुरुषाचा आवाज. तरुण. मी फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार दादा. मी मिरजेहून बोलते. हा नंबर आधी माझ्या भावाचा होता. आत्ता तुमच्या फोनवर सहा आकडी एक नंबर आला असेल, तो जरा..."

बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. बँकेत दिवसातून वीस वेळा मी लोकांना सांगायचे, ओटीपी कुणाला म्हणून सांगू नका, कुणी कितीही गोड बोललं तरी.

"ताई, मी काय येडा वाटलो का तुम्हाला?" तो म्हणाला. "बँकेत पाटीच लावलीय. ओटीपी कुणाला द्यायचा नसतो."

"बरोबर आहे तुमचं. मी बँकेतच आहे."

"सगळे तेच म्हणतात!"

तौफिकला हसू फुटलं, मग त्यानं तोंडावर हात ठेवला. मी आणखी काही बोलणार तोच आईनं हात पुढं केला. मी फोन तिच्याकडं दिला.

तिनं फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला. ओठ उघडले, पण शब्द आला नाही. नुसता श्वास. पलीकडूनही काही आलं नाही. 

"मावशी," पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "तुम्हीच का त्या?"

मी आईकडं बघितलं. बाबा गॅलरीतून दारात येऊन उभे राहिले होते.

"महिन्यातून दोनचारदा फोन येतोय मला. दुपारचा. मी हॅलो हॅलो म्हंतो, कुणी बोलत नाही. असंच. असाच श्वास येतो."

"होय," आई म्हणाली. "मीच ती."

"मी लई शिव्या दिल्या होत्या एकदा."

"दिल्या होत्यास. ऐकल्या मी."

तो ओशाळून थोडा हसला. मागं कुठंतरी शेळी ओरडत होती.

"कुणाचा होता हा नंबर?"

"माझ्या मुलाचा."

"गेला?"

"होय."

"नाव काय त्याचं?"

"हर्षद."

"मी मारोती. जिंतूरला असतो." तो थांबला. "तो नंबर कशाला पाहिजे, मावशी? पैशाबियशाचं हाय का?"

"नाही रे बाळा. त्याचं थोडं काम राहिलंय. ते मी बघते. त्याला लागतोय."

"लिहून घ्या मग."

तौफिकनं पेन उचललं. पण तेवढ्यात ओटीपीची मुदत संपून गेली होती, आकडे टाकले तर चालले नाहीत. पुन्हा पाठवावे लागले. मारोती म्हणाला, "हं, आला, आला," आणि एकेक आकडा असा सावकाश सांगितला, जसा कुणाला पत्ता सांगावा. लॅपटॉपवर हिरवी खूण उमटली.

"झालं का?"

"झालं बाबा. उपकार झाले."

"उपकार काय त्याच्यात. फोन करायचा तर करा, मावशी. पण बोलत चला. बायको भ्यायली माझी."

आई हसली. फोन ठेवल्यावर तिनं तो पदरानं पुसून माझ्या हातात दिला. बाबा परत गॅलरीत गेले. त्यांची पाठ आमच्याकडं होती आणि बराच वेळ ते वळले नाहीत.

तौफिकनं हर्षदचे सगळे फोटो आणि फायली हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या. पेनड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली, मग एक चौकट आली: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं का? बाण बटणावर येऊन थांबला. तौफिक थांबला.

"तुमच्यापैकी कुणीतरी दाबा," तो म्हणाला. "मी दुकानात रोज चार मशिनं पुसतो. हे माझ्याच्यानं होणार नाही."

"शेत राहील ना?" आईनं विचारलं. तिनं हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं होतं.

"शेत इथं नसतंच काकू. ते गेमवाल्यांकडं असतं. इथं फक्त दार असतं."

"केतकी, तू दाब," आई म्हणाली.

मी दाबलं. किती साधं बटण होतं. एक पट्टी आली आणि डावीकडून भरायला लागली. आई खाटेच्या कडेला बसली, हात मांडीवर, दवाखान्यात आत नेल्यावर बाहेर बसतात तशी. हर्षदची किल्ल्यावरच्या तटबंदीची पडदाभर चित्रं, त्यानं उगाचच ठेवलेली घड्याळं, कोपऱ्यातली 'आईची औषधं' नावाची फाइल, सगळं त्या पट्टीखाली गेलं. नवा पडदा आला तो निळसर, कोरा, अनोळखी. कुणाच्या तरी नव्यानं रंगवलेल्या घरात आल्यासारखं वाटलं.

गेम उतरायला दोन तास गेले. तेवढ्यात जेवणं झाली. तौफिक भाकरी मोडून उसळीत बुडवत आईला दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत होता आणि आई वाढता वाढता मागं वळून पट्टी बघत होती. तीन वाजून गेले. तिची वेळ टळून गेली होती.

गेम उघडला तो आधी मुका उघडला. तौफिकनं काहीबाही टाइप केलं, मग आवाज आला, पाखरांचा, वाऱ्याचा. पासवर्ड टाकला.  पडदा काळा झाला, काळाच राहिला, आणि मग शेत आलं.

लाल टोपीवाला माणूस बांधावर उभा होता.

तौफिकच्या खिशातला फोन टिंग करून वाजला. त्यानं काढून बघितला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. मला काय लिहिलं असेल ते माहीत होतं.

"तोच आहे ना?" आईनं विचारलं.

"तोच, काकू. या, बसा."

आई बसली. चष्मा लावला, तीन बोटं किबोर्डवर ठेवली. माणूस चालायला लागला. पहिल्या रोपापाशी थांबला, झारी वाकवली. दुसऱ्यापाशी गेला. तौफिक मागं उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा बदलत गेला. तो पडद्याच्या जवळ वाकला.

"काकू, हा गहू कधी पेरलाय?"

"त्यानंच पेरलाय. गेल्या वर्षी. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे शेवटचा आला होता तेव्हा?"

"होय. त्याच दिवशी मला शिकवलं की हे. म्हणाला, मी दोन आठवडे येणार नाही, दुपारी मोकळी असतेस तर तेवढं बघ."

तौफिकनं माझ्याकडं बघितलं. मग अगदी हळू, जसं झोपलेल्याला उठवावं तसं म्हणाला, "काकू, हे पीक तयार झालंय. पेरल्यापासून आठ दिवसांत होतं. कधीचंच झालेलं आहे. याला आता पाणी लागतच नाही. घातलं काय, नाही घातलं काय, काही फरक पडत नाही. हे कापायचं असतं."

मी आईच्या खांद्यावर हात ठेवायला पुढं झाले, आणि ठेवला नाही. मला वाटलं, आता ती कोसळेल. चौदा महिने, रोजची दुपार.

आईनं बोट काढलं नाही. माणूस तिसऱ्या रोपाला पाणी घालत होता.

"मला पीक कळत नाही होय रे?" ती म्हणाली. "माझं माहेर कवठ्याचं. शाळवाच्या रानात वाढले मी. ओंब्या भरल्यात, पिवळ्या झाल्यात, ते मला पहिल्याच महिन्यात दिसलंय."

"मग?"

"तो म्हणाला होता, पाणी तेवढं घाल. काढायचं मी आल्यावर."

तौफिक खाटेवर बसला. गॅलरीत बाबांचा पेपर फडफडला. पडद्यावर वाऱ्यानं गहू एका बाजूला कलला आणि परत उभा राहिला.

"आई," मी म्हटलं. पुढं काय म्हणायचं होतं ते मला आजही ठाऊक नाही. कदाचित 'पुरे आता' असंच काहीतरी असेल. ते मी म्हटलं नाही, आणि नंतरही कधी म्हटलं नाही.

"चहा टाक," ती म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता. "तौफिकला साखर कमी. तुम्ही घ्या तोवर. माझी अजून पंचेचाळीस रोपं राहिलीत."